ओट्याखालचं कुत्रं

“हात लावायचा नाही त्याला!”

जानकीबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की ओट्याखाली वाकलेला विद्याधर दचकून मागे सरला. कुंदाच्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं. लग्न होऊन मुलुंडच्या या दोन खोल्यांत आल्यापासून सासूबाईंचा आवाज चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. त्यांना ओरडावं लागतच नसे. नुसतं बघितलं तरी पुरायचं.

ओट्याखाली, कोळशाच्या पोत्यामागे, एक तांबडं कुत्रं अंग चोरून बसलं होतं. टेकडीच्या खाणीत दुपारचे सुरुंग सुरू झाले आणि पहिल्याच धडाक्याला ते मागच्या दारातून सुसाट आत शिरलं. गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा होता. दोरीखालची कातडी सोलून निघाली होती. त्याच्या थरथरण्याने पोतंसुद्धा हलत होतं.

“आई, सोवळंओवळं नंतर बघू गं,” विद्याधर वैतागला. शनिवारची अर्धी कचेरी करून तो नुकताच घरी आला होता, अजून जेवलाही नव्हता. “पिसाळलेलं असलं तर? कुत्री पकडणारी गाडी कोपऱ्यावरच उभी आहे. दोरीला धरून ओढतो आणि देऊन टाकतो.”

“पिसाळलेलं नाही. भेदरलंय.”

त्या गाडीतून गेलेलं कुत्रं पुन्हा दिसत नाही, हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात शेजारचे भाऊ काठी घेऊन आलेच. “सरका काकू. असली जनावरं ओढूनच काढावी लागतात. हे बघा, असं.”

काठीचं टोक आत गेलं. कुत्रं किंकाळलं आणि भिंतीत शिरायचं असल्यासारखं कोपऱ्यात घुसलं. फरशीवरून एक ओला ओघळ हळूहळू बाहेर आला. कुंदाने तो पाहिला, सासूबाईंनीही पाहिला. आता काही खरं नाही, असं कुंदाला वाटलं. पाण्याच्या हंड्याला कुणाचा नुसता पदर लागला तरी तो पुन्हा घासून घेणारी ही बाई.

जानकीबाईंनी भाऊंची काठी मधेच धरली.

“ही घेऊन बाहेर व्हा. विद्याधर, तूही. पुढच्या खोलीत बसा दोघं. आणि तिथून आवाज करू नका.”

“अगं, पण गाडी निघून जाईल ना!”

“जाऊ दे.”

दोघं गेले. जानकीबाईंनी जुनी गोधडी आणून ओट्यावरून खाली सोडली. एका बाजूला तेवढी फट ठेवली. मग निवडायच्या तांदळाचं सूप घेतलं आणि ओट्याकडे पाठ करून खाली बसल्या.

“मागचं दार लावू?” कुंदाने हळूच विचारलं.

“नको. जायची वाट दिसली पाहिजे त्याला. तू बस इथे. पण त्याच्याकडे बघू नकोस.”

कुंदा बसली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेर गाडीतली कुत्री केकाटत होती. पुढच्या खोलीत विद्याधर येरझारा घालत होता. पुन्हा सुरुंग उडाला, मांडणीवरची भांडी किणकिणली आणि गोधडी थरथरली. उठावं, काहीतरी करावं, असं तिला सारखं वाटत होतं. सासूबाई मात्र तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता काहीबाही बोलत होत्या. एका सुरात, अगदी खालच्या आवाजात.

“हा तांदूळ नवा आहे. पाणी कमी घाल याला. संध्याकाळी वालाचं बिरडं करू.”

आपण हो म्हणावं की नाही, कुंदाला कळेना. मग तिच्या लक्षात आलं, हे बोलणं आपल्यासाठी नाहीच.

मागच्या दारात सावली पडली. हातात फास घेतलेला एक माणूस आत डोकावत होता. “बाई, तांबडं कुत्रं आलं का इकडे?”

“आमचंच आहे ते,” जानकीबाई म्हणाल्या. “घरात आहे.”

त्याने एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा जानकीबाईंकडे. मग तो निघून गेला. थोड्या वेळाने गाडीचा आवाजही लांब गेला.

ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं, तेव्हा गोधडीच्या फटीतून एक काळं नाक बाहेर आलं. मग डोकं. कुत्रं पोटावर सरपटत सरपटत पुढे आलं आणि त्याने हनुवटी जानकीबाईंच्या लुगड्यावर टेकली. खाणीत एक सुरुंग उडाला. ते शहारलं, पण परत आत गेलं नाही. जानकीबाईंनी मागे न बघता हात खाली सोडला. कुत्र्याने तो हुंगला, चाटला. तेव्हा कुठे त्यांची बोटं सावकाश त्याच्या गळ्यातल्या गाठीशी गेली. दोरी सुटली.

कुंदाला राहवलं नाही. “तुम्हाला कुत्र्यांचं इतकं कसं कळतं हो? माहेरी होतं का एखादं?”

“छे गं. कुत्र्यांचं मला काय कळतंय!” सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. “मी नवव्या वर्षी लग्न होऊन आले. वरात दाराशी आली, ताशे कडाडायला लागले, आणि मी धूम पळत जाऊन भाताच्या कणगीमागे लपले. सगळ्या बायका हसत होत्या. दंडाला धरून मला फरफटत बाहेर काढलं त्यांनी.”

कुत्र्याचे डोळे मिटत आले होते. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

“कुणी नुसतं शेजारी बसलं असतं ना, तर माझी मी आले असते.”