पट्ट्याचं पाचवं भोक

“पाचवं भोक पाड,” नवऱ्याने पट्टा तिच्यापुढे टाकला. “कारखान्यात सगळे विचारतात, गुपित काय?” रात्री नुसतं सूप आणि दिवसभर लिंबाचं गरम पाणी, हे त्याचं गुपित. त्याने चरबी वितळते, असं तो छातीठोकपणे सांगायचा. हल्ली तहान फार लागायची, रात्रीत चारदा लघवीला उठावं लागायचं. तो म्हणायचा, चरबीच वाहून चाललीय. तिने पट्ट्यावर खिळा टेकवला, पण हातोडी उचलवेना. “अहो, आधी डॉक्टरांना दाखवू.” “बारीक झालो म्हणून डॉक्टर?” तो खदाखदा हसला. “लोक ऐकून वेड्यात काढतील.” तिने खिळा खाली ठेवला. “उपाशी मराल म्हणून महिनाभर तुमच्या सूपमध्ये वाटीभर साय घुसळतेय मी. ‘हात बसला तुझा,’ म्हणत होतात ना? तरी हे पाचवं भोक!” त्याचं हसू विरलं. “रोज?” “रोज.” तो उठला, तशी पट्ट्याविना पँट कमरेवरून घसरली. कोणीच हसलं नाही.