मोटारीची खोड

जागेश्वरने मोटारीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. आता फक्त बोलायचे बाकी होते, आणि तेच जमत नव्हते.

समोर बाजेवर गुलाबचंद सेठ बसले होते. गोंदियात त्यांची धानाची गिरणी होती, पण उमेदीची वर्षे त्यांनी बैलबाजारात काढली होती आणि तिथली रीत सोडली नव्हती. विकणाऱ्याने जनावराच्या कपाळावर हात ठेवायचा, त्याची खोड चारचौघांत सांगायची, मगच दावे हातात द्यायचे. सौदा ठरला तसे सेठांनी मोटारीसाठीही तेच मागितले.

"हाथ रख और खोड बोल दे," ते म्हणाले. "फिर गाडी हमारी."

त्यांचा मुलगा नंदलाल कधीचाच या मोटारीवर भाळला होता. जागेश्वरच्या सडक अर्जुनी गावावरून मालट्रक रोज जात, पण अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. दोन दारांची जुनी विलायती मोटार. जागेश्वरने तिचे छत कापून वीतभर खाली आणले होते, चाकांवरचे पत्रे काढून टाकले होते, आणि लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी ट्रकचे इंजिन तिच्या पोटात बसवले होते. वरून लालभडक रंग. चालू केली की ओसरीतल्या घागरी थरथरत. नंदलालने नव्या नवरीला, शामकलाला, आत बसवूनही टाकले होते. ती पदर सावरत अवघडून बसली होती.

जागेश्वरची बायको धुरपता कुंकवाचे ताट घेऊन दारात उभी होती. घरचा बैल विकला तर कुंकू लावून पाठवायचा, तशीच ही मोटार. पण धुरपताच्या नजरेत माया नव्हती. तिचा धाकटा भाऊ दुधराम हीच मोटार घेऊन निघाला होता आणि नाल्याच्या उतारावर त्याला ती थांबवता आली नव्हती. जागेश्वरने पत्रा ठोकून सरळ केला, पुन्हा रंग दिला. धुरपताने तेरवीच्या दिवशी नवऱ्याला सांगितले, की या दारातून एक तर ही जाईल, नाही तर मी. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती. आज सकाळी मात्र तिने आपणहून त्याच्यापुढे चहा ठेवला होता.

एखादी किरकोळ खोड सांगून मोकळे होता आले असते. पेट्रोल फार पिते, किंवा डावे दार अडकते. सेठांना तेवढे पुरले असते. पण हात बॉनेटवर होता.

"उतारावर थांबत नाई," तो म्हणाला. "इंजिन ट्रकचं हाये, ब्रेक जुनेच. दुसरे हिले बसत नाई, म्या करून पायलं. माह्या घरवालीचा भाऊ हिच्यातच गेला."

मग नंदलाल हसला. थांबणाऱ्या गाड्या गोंदियात पुष्कळ आहेत, म्हणाला. आणि त्या बिचाऱ्याचा हात बसलेला नसेल. गुलाबचंदही समाधानाने उठले. इतक्या वर्षांत खरी खोड सांगणारा त्यांना क्वचितच भेटला होता. त्यांनी जागेश्वरच्या खांद्यावर थाप मारली.

"बोल दिया ना? अब तुझपर पाप नहीं. आगे जो होगा, हमारा."

सांगितले की हलके वाटेल, असे जागेश्वरला वाटले होते. सांगून झाले होते, आणि हात तिथून उचलवत नव्हता. नंदलालने चावी मागितली. जागेश्वरने बायकोकडे पाहिले आणि चावी देऊन टाकली.

धुरपता ताट घेऊन पुढे आली. कुंकवात बोट बुडवून ती बॉनेटवर वाकली, तेव्हा आतून शामकलाने हळूच विचारले, "बाई, खरंच थांबत नाई का?"

धुरपताचे बोट तसेच राहिले. तिने मुलीच्या हातातला कोरा चुडा पाहिला. मग दाराशी जाऊन ते कुंकू तिने शामकलाच्या कपाळाला लावले आणि दार उघडले.

"उतर पोरी."

नंदलालला आधी गंमत वाटली. सवाष्णीला जेवू घालायचे असेल, असे समजून तो लवकर आटपा म्हणाला. धुरपताने त्याच्यापुढे हात पसरला आणि चावी मागितली. तेव्हा गुलाबचंदांचा आवाज चढला. खोड सांगून झाल्यावर सौदा मोडल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. गिरणीचे सगळे ट्रक याच अंगणात दुरुस्तीला येत होते. उद्यापासून एकही येणार नाही, हे त्यांनी जागेश्वरला बजावले.

"तुझी औरत बोल रही है. तू बोल."

जागेश्वर धुरपताच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मोडला, सेठजी," तो म्हणाला.

ती माणसे ज्या ट्रकमधून आली होती त्यातूनच परत गेली. नंदलालने जाताना चावी मातीत फेकली आणि मोटारीच्या दारावर एक लाथ घातली. शामकलाने मागे वळून पाहिले नाही.

अंगणात दोघे उरले, आणि मोटार. बायकोचे तेरवीचे बोलणे जागेश्वरला पाठ होते. मोटार तर दारातच राहिली, मग ती आता गाठोडे बांधणार का, हे विचारायची त्याची छाती होईना.

"उभा काऊन राहिला?" धुरपताच म्हणाली. "चाकं काढ हिचे. सारेच्या सारे."

तो पाना घेऊन पुढच्या चाकाशी बसला. पहिला नट गंजला होता. जोर लावल्यावर करकरत फिरला. ठेवायला काही दिसेना, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिले. धुरपता त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि ओटी घ्यावी तसा तिने पदर पसरला. त्याने नट त्यात टाकला.