अर्धी मिशी

“वस्तरा टेकवला की घुटमळायचं नाही, गड्या, हात चुकतो,” उस्ताद शिकवायचे. न्हाव्याने ते गिऱ्हाइकांच्या गालांवर पाळलं, स्वतःच्या मनाबाबत मात्र कधीच नाही. समोरच्या शिंपीणबाईंना लग्नाचं विचारायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं. पण रोज आरसा बघून म्हणायचा, मिशी आज नीट बसली नाही, उद्या विचारू. आज मिशी कोरताना आरशात बाई दिसल्या. गुणगुणत शटर उघडत होत्या. वस्तरा घुटमळला आणि अर्धी मिशी फेसासकट खाली आली. ते बघून बाई दाराला टेकून पोटभर हसल्या. न्हाव्याला वाटलं, आता लपवायला उरलंय काय? गळ्यातल्या टॉवेलनिशी तो रस्ता ओलांडून गेला. “बाई, माझ्याशी लग्न कराल?” बाईंचं हसू ओठांवरून डोळ्यांत गेलं. “करीन की,” त्या म्हणाल्या. “पण उरलेलीही उडवा. मेली ती मिशी, मला कधीच आवडली नव्हती.”