राबाचा इस्तू

जर्मनचं झाकण उंबऱ्याच्या दगडावर पडलं आणि गरगरत वाजत राहिलं.

मालूने खापरीतले निखारे बघायला ते उचललं होतं. बाईजाने लेकीचा हात धरला, बोटं उलटीसुलटी करून पाहिली. भाजलं नव्हतं. तिने झाकण पुन्हा खापरीवर ठेवलं.

ओट्यावर कोतवाल काळूराम मांडीवर कागद घेऊन बसला होता.

"तर असं हाय," तो म्हणाला. "वरनं नळ मंजूर झालाय. लढाईसाठी बंदरावरनं कच्चं तेल नळातून घाटावर जानार. नळ तुमच्या वरल्या तुकड्याखालनं. शेत काय कोन नेत नाय. भात लावा, नाचनी लावा. नुसता नळाच्या शंभर हातांत इस्तू पेटवायचा नाय."

वरल्या तुकड्यातच राब होता. माघापासून बाईजाने डोक्यावरून वाहिलेलं शेण, त्यावर झाडाच्या डहाळ्या, पातेरा, वर मातीचा थर. आज वारा पडला होता, म्हणून आजच भाजायचा होता. भाजल्या जागेत भाताचं रोप धरतं. न भाजलेल्या जागेत तण आधी वर येतं.

सासू धोंडीबाई चुलीपासून बोलली, "राब भाजायचा नाय? मंग बी काय तुझ्या कागदावर पेरू?"

"माझ्यावर कशाला, मावशे. मी काय सायेब हाय?"

"तुझा राब कुठं रे?"

"खाली. वढ्याकडं."

"वाचला म्हन की."

काळूराम कागदाची घडी चाचपत राहिला.

"नळ कवा घालनार?" बाईजाने विचारलं.

"दिवाळी झाल्यावर."

"म्हंजे आज खाली काय नाय."

"नळ नाय, वयनी. पन मंजुरी आजपासनं हाय. तुमच्या शेतात धूर दिसला तर धाऊदादाला आसनगावच्या कामावरनं उचलून नेतील."

धाऊ, तिचा नवरा, तिथे रेल्वेच्या रुळांवर खडी टाकत होता.

बाईजाने अंगठा दिला. कागद पागोट्यात खोचून काळूराम पुढच्या घराकडे गेला. आत धोंडीबाईने बियाण्याची मुडी खुंटीवरून काढली, थोडा वेळ मांडीवर घेतली आणि परत टांगली.

बाईजा उंबऱ्यावर बसली. अंगठ्याची शाई तिने पदराला पुसली, निघाली नाही. समोर वरल्या तुकड्यात, राबाच्या मधोमध, मोजणीवाल्यांनी ठोकलेला चुना फासलेला खुंट पांढरा दिसत होता.

राब पेटवताना पहिली फुंकर मालूची, असं तिने सकाळी वेणी घालताना लेकीला कबूल केलं होतं.

या वेळी मालूने दोन्ही हातांनी, जपून झाकण काढलं. आवाज होऊ दिला नाही. निखाऱ्यांवर राख धरली होती. ती खापरीवर वाकली, गाल फुगवले आणि तशीच आईकडे बघत थांबली.

"आये, इझत चाललाय. फुंकू?"