ब्रेकनच्या रस्त्यावरचा घोडेस्वार

जुना नकाशा खोटं बोलत नाही, असं ब्रेकन गावचा नकाशा-संग्राहक एमरिस प्रोबर्ट छातीठोकपणे सांगे. त्यातले निम्मे रस्ते आता मेंढ्यांच्या कुरणात संपत, ही गोष्ट वेगळी.

त्याच्या संचातला शेवटचा पट्टीनकाशा, लांब पट्टीवर एकच रस्ता दाखवणारा, त्याला सोमवारी एका दुकानात मिळाला. त्यातला रस्ता खालून वर वाचायचा; वरच्या टोकाला ब्रेकन. तळाशी छापलेला घोडेस्वार मंगळवारी मधोमध दिसला, बुधवारी वेशीपाशी.

"परत दे तो, एमरिस. दुकानदार अजून घेईल," बायको मेव्हिस म्हणाली.

"तीस वर्षांनी संच पुरा झालाय. येऊ दे त्याला."

"मग त्याचा चहा तूच टाक."

गुरुवारी सकाळी नकाशावरचा रस्ता रिकामा होता.

मेव्हिसने पुढचं दार उघडलं. पायरीवर ताजी लीद पडली होती.