नखाएवढी पानं

उमरग्याच्या वाचनालयाच्या वेबसाइटसाठी कल्याणप्पांनी हातानं लिहिलेल्या भजनांच्या पानांची झलक दाखवणारी नखाएवढी चित्रं सोमेशनं आधी केली. पानं नीट स्कॅन करणं मागं ठेवलं; कागद कुठं पळून चाललेत? "अक्का, आली बघा कॉम्प्युटरवर," म्हणत त्यानं कागद कल्याणप्पांच्या बायकोला, शांताक्कांना, परत दिले.

कल्याणप्पा गेल्यावर शांताक्का वाचनालयात आल्या. "त्यांचं शेवटचं भजन काढ, बाबा. उद्या समाधीपुढं म्हणायचंय."

सोमेशनं चित्र मोठं केलं. अक्षरांचे नुसते ठिपके झाले.

"अक्का, कागद आणता का घरून?"

"त्यांना बसवून माती दिली, तवा ते मांडीवरच ठेवले की. तुझ्याकडं हाईतच म्हणून."

सोमेशनं चित्र आणखी मोठं केलं. शांताक्कांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"मला मेलीला दिसंना झालंय. तू वाच, म्या मागनं म्हणते."