गडग्यापलीकडच्या गोगलगायी

रक्ताचं नातं तोडू म्हटलं तरी तुटत नाही, असं हळर्णात सगळेच सांगतात. गोकुळदासचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं बारा वर्षांपूर्वी दोघांच्या परसांमधल्या चिऱ्यांच्या गडग्यावरून, त्या सामाईक भिंतीवरून, तुटलं. तेव्हापासून तो गडगा ओलांडून गेल्या त्या फक्त गोगलगायी. पाऊस सरता सरता त्या भेंडी-दोडक्यांवर तुटून पडत, आणि गोकुळदास रोज सकाळी वेचून त्या भावाच्या परसात भिरकावी. त्यांना मारायला लागणारं मीठ वाचतं, म्हणे.

यंदा त्याने प्रत्येकीच्या पाठीवर चुन्याचा ठिपका दिला. दोन दिवसांत ठिपकेवाल्या परत हजर. म्हणजे भाऊ उलट टाकतोय! गोकुळदासने चिडायला हवं होतं, पण त्या दिवशी त्याने चहा दोनदा मागून घेतला. तीन आठवडे हेच चाललं.

"सात टाकल्या, पाच परत," तो बायकोला, सुमंगलाला, कौतुकाने सांगे. "दादा अजून खमका आहे. रविवारी जाऊन बोलतोच त्याच्याशी."

शनिवारी सकाळी सुमंगला फोन ठेवून परसात आली. "अहो, भावजींच्या मुलीचा, तनयाचा फोन होता. भावजी गेले, पहाटे."

"कायतरीच! आताच तर चार टाकल्यात त्याने."

"महिना झाला, तनयाने त्यांना फोंड्याला आपल्या घरी नेलं होतं. त्यांचं नाव घरात काढायचं नाही, हे तुम्हीच सांगितलेलं."

गोकुळदास बारा वर्षांत पहिल्यांदाच गडग्यावरून वाकला. दाराला कुलूप होतं, आणि गडग्याच्या पलीकडच्या अंगाने चुन्याचे तीन ठिपके सावकाश वर चढत होते.